साडे

कासारी नदी मेच्या सुरुवातीला नदी नसते.
कुरणात शिरते, कुंपणाचे खांब मोजत बसते
आणि निघायचं नाव काढत नाही.
लाकडी मनोरा तिच्यात घोट्याइतका बुडालेला.
वर आम्ही पाच जण, पहाटेचे साडेचार:
एंडेल, त्याची वही, दोरीने बांधलेली पेन्सिल,
होडीवाली माल्ले आणि तिचा अबोल भाऊ,
मी, ज्याला अजून बदकातलं बदक कळत नाही,
आणि टपालवाल्याची अकरा वर्षांची मुलगी.

तिच्या नावाचा अर्थ तिच्या भाषेत किरण.
माझ्या तोंडात त्याचं साडे होतं
आणि जीभ तिथेच थबकते,
पुढच्या आकड्याची वाट बघते.
आमच्याकडे साडे एकटं कुणी म्हणत नाही.
तीनच्या खाली तर त्याला थाराच नाही:
अर्धा, दीड, अडीच, त्यांची घरं वेगळी.
ही मात्र एकटी उभी, कठड्यावर हनुवटी टेकून,
दुर्बीण न घेता.

एंडेलचा हा एकेचाळिसावा वसंत.
पांढऱ्या गालांचे कलहंस तो एकेक मोजत नाही,
हवेत अंगठा धरतो.
अंगठ्यामागे झाकले ते शंभर.
मग अंगठा सरकतो.
बावीस अंगठे झाले, आणि समुद्री गरुड आला.
अख्खं कुरण उठलं,
कुणीतरी दोन टोकं धरून सतरंजी झटकावी तसं.
एंडेल शिवी देत नाही. खोडरबर काढतो.
हंस बसेपर्यंत कॉफी,
मग पुन्हा एकपासून.

त्या वहीत एक ओळ वटवट्याची आहे,
बोरूत दडून टोळासारखा किरकिरणाऱ्या,
जो दिसत नाही, नुसता वाजतो,
शिवणयंत्रावर कुणी न संपणारी शिवण घालावी तसा.
तीन वर्षं एंडेल तिथे लिहितो: आला नाही.
तीन वर्षं माल्ले तो ऐकते, तिचा भाऊ ऐकतो,
गेल्या वर्षापासून मीसुद्धा, अडाणी.
एंडेलच्या कानातून बारीक आवाज आधी गेले.
मनगटावरचं घड्याळ गेलं, डास गेला,
किटलीची शिटी गेली.
आम्हाला माहीत आहे.
बोलायचं नाही हेही आम्ही
न बोलताच ठरवलेलं.

"केव्हाचा गातोय तो," साडे म्हणाली.

माल्लेने थर्मासचं झाकण घट्ट केलं.
ते घट्टच होतं.

एंडेलने बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.
मग विचारलं, "कुठे?"

तिने त्याचं बोट धरलं,
पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घेतात तसं,
आणि बोरूच्या गर्दीत एका वाळक्या काडीवर नेऊन ठेवलं.
पक्षी दिसत नव्हता. काडी दिसत होती.
"आता थांबला.
आता परत.
आता मान वळवली असेल, आवाज पलीकडे गेला."
ती सांगत गेली, तो मान हलवत गेला,
डोळे मिटून,
जणू कुणी त्याला घरचं पत्र वाचून दाखवतंय.

मग त्याने लिहिलं. मी वाकून पाहिलं.
एक, खाली रेघ, रेघेखाली दोन.
अर्धा.
पेन्सिल न दाबता, पुसता येईल असा.
ऐकला एकीने, लिहिला दुसऱ्याने,
असा पक्षी वहीत पुरा कसा धरायचा?

साडेने खोडरबर घेतला.
रेघ पुसली, दोन पुसला,
"पुरता आहे तो," म्हणाली,
आणि पानावरची भुकटी फुंकून नदीत टाकली.

तेवढ्यात बोरूच्या पोटातून ह्यूप घुमला,
रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घालावी तसा.
वाळक्या बोरूच्याच रंगाचा हा बगळा,
त्याचा आवाज जाड, छातीने ऐकायचा.
एंडेलने तळहात फळीवर ठेवला.
"दोन आहेत," म्हणाला. "दुसरा डावीकडे, लांब."

आम्हाला एकच ऐकू आला होता.
माल्लेने भावाकडे पाहिलं.
साडेने कान दिला, खूप वेळ,
ओठ किंचित उघडे ठेवून,
आणि काही बोलली नाही.

त्याने दोन लिहिले. दाबून.